'आई कुठे होती?'

मैत्रिणींनो, एखादं मूल हरवल्याची बातमी कानावर आली, की आपल्या तोंडून पहिला प्रश्न कोणता निघतो? मूल केवढं होतं, अंगावर कपडे कोणते होते, शेवटचं कोणी पाहिलं, हे सगळं नंतर. पहिला प्रश्न ठरलेला, 'आई कुठे होती?' बाजारात, भिशीत, लग्नाच्या पंगतीत, एसटीच्या रांगेत, कुठेही ऐकून बघा. बाप कुठे होता, आजोबा काय करत होते, शेजारी कुणी पाहिलं का, असं सहसा कोणी विचारत नाही. आणि गंमत म्हणजे हा प्रश्न विचारण्यात आपण बायकाच पुढे असतो!

आमच्या शिरूरच्या वाचनगटात हाच प्रश्न एका कादंबरीवरून निघाला आणि चार मंगळवार पुरला. पुढे तो माझ्याबरोबर दौंडला, माझ्या माहेरी गेला. तिथल्या बायकांनी त्याला वेगळंच वळण दिलं. एका पुस्तकावर इतकी मतं, इतके वाद, आणि शेवटी त्यातून निघालेलं काम, हे सगळं तुम्हालाही सांगावंसं वाटलं, म्हणून हा लेखप्रपंच.

आमचा गट लहानसाच. पंधरा-सोळा जणी. निम्म्या माझ्यासारख्या गृहिणी, दोन शिक्षिका, एक अंगणवाडीताई, एक शिलाईकाम करणारी, रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या दोघी. भिशीचा हिशेब झाला की तासभर पुस्तक, असा रिवाज. रहस्य आणि भीती या दोन गोष्टींवर आमचं भारी प्रेम! रत्नाकर मतकरींच्या गूढकथा झाल्या, नारायण धारपांच्या कादंबऱ्या झाल्या. धारप वाचत असताना लाइट गेले, तर एकटीने घरी जायला कोणी तयार नसायचं.

धारपांनी 'लुचाई' लिहिली ती स्टीफन किंग या अमेरिकन लेखकाच्या कादंबरीवरून. त्याच किंग यांचं हे पुस्तक, 'द गर्ल हू लव्हड टॉम गॉर्डन'. १९९९ साली प्रसिद्ध झालेलं. आमच्यातली एक कॉलेजात इंग्रजी शिकवते. ती रात्री वाचायची आणि मंगळवारी आम्हाला मराठीतून सांगायची. तेही कीर्तनकाराच्या थाटात, ऐन रंगात आलं की थांबायचं आणि 'आता पुढच्या मंगळवारी' म्हणायचं!

गोष्ट तशी साधी

ट्रिशा नावाची नऊ वर्षांची मुलगी. आई-वडिलांचा घटस्फोट झालेला. सुट्टीच्या दिवशी आई दोन्ही मुलांना घेऊन जंगलातल्या पायवाटेवर फिरायला जाते. थोरल्या मुलाला नवीन गाव, नवीन शाळा आवडलेली नाही. त्यामुळे तो वाटभर आईशी भांडतोय. ट्रिशा मागून चालतेय. तिला लघवीला लागते. पुढच्या दोघांचं भांडण इतकं पेटलंय, की तिच्याकडे कोणाचंच लक्ष नाही. कोणी बघू नये म्हणून ती वाट सोडून आत झाडीत जाते. आणि परतताना आल्या वाटेने न येता, मधूनच आडवं गेलं तर लवकर गाठू, असा विचार करते. झालं! एवढीशी वाट चुकते आणि पुढचे नऊ दिवस ती जंगलात एकटी.

पाठीवरच्या पिशवीत एक उकडलेलं अंडं, सँडविच, पाण्याची बाटली, थोडा खाऊ, पावसाचा कोट आणि एक वॉकमन. त्या वॉकमनच्या रेडिओवर ती रात्री बेसबॉलचे सामने ऐकते. टॉम गॉर्डन हा बोस्टनच्या रेड सॉक्स संघातला खराखुरा खेळाडू. तो तिचा लाडका. मनातल्या मनात ती त्याच्याशी बोलते, आणि त्याच आधारावर तग धरते. आता हा गॉर्डन नेमका करतो काय, हे आम्हाला काही केल्या कळेना. शेवटी एका मैत्रिणीच्या मुलाने सोपं करून सांगितलं, "मावशी, सामना हातातून चाललाय आणि कॅप्टन शेवटच्या ओव्हरला आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानला बोलावतोय, तसं समजा." मग मात्र सगळ्यांना टॉम गॉर्डन एकदम घरचा वाटायला लागला!

पहिला मंगळवार: सगळा दोष आईचा

पहिल्या दिवशी मतं घेतली, तर जवळजवळ एकमत. "भांडत कसली बसली? मागे वळून बघायला काय झालं होतं?" "नऊ वर्षांची पोर मागे ठेवतं का कोणी?" "घटस्फोट घेतला की असंच व्हायचं!" एकीने तर आईला 'मॉडर्न' ठरवून निकालच लावून टाकला.

आमच्यात एक मावशी आहेत. शाळा चौथीपर्यंत, घरी चार म्हशी. त्या फारसं बोलत नाहीत, पण गोष्ट मन लावून ऐकतात. त्या म्हणाल्या, "पहाटे मी धार काढत असते तेव्हा माझा नातू कुठे असतो, विचारा मला. मला माहीत नसतं. सून भाकऱ्या थापत असते, तिला माहीत नसतं. लेक दूध घालायला गेलेला असतो. मग हरवला तर कोणाला धरायचं?"

कोणीच बोललं नाही. कारण आम्हा सगळ्यांच्या मनात एकच गाव आलं होतं. पिंपरखेड.

२०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आपल्या शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबुत भागात जेमतेम तीन आठवड्यांत बिबट्याच्या हल्ल्यांत तिघांचे जीव गेले. एक आजी आणि दोन लहान मुलं. मुलं कुठे रानावनात भटकायला गेली नव्हती, आपल्याच शेतात होती. लोकांचा संताप इतका, की मंचरला पुणे-नाशिक महामार्ग रोखून धरला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला वनखात्याच्या पथकाने एका बिबट्याला गोळ्या घातल्या. हे सगळं तुम्ही वाचलं असेलच. पण त्या दिवसांत आपल्या आसपास, चहाच्या कपाबरोबर, 'आईबापांनी लक्ष नको का द्यायला' हे वाक्यही ऐकू येत होतं. ज्या घरात दिवसभर माणसं शेतात, त्या घरातलं मूल शेतातच असणार ना? ते काय पाळण्यात बसून राहणार?

आपल्याकडचं जंगल म्हणजे ऊसच. कुकडीचं, घोडचं, भीमेचं पाणी आलं, ऊस वाढला, आणि त्या बारा-चौदा महिन्यांच्या दाट पिकात बिबट्यांनी संसार थाटले. माद्या तिथेच वितात, पिल्लं तिथेच वाढतात. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि आपला शिरूर असे चार तालुके येतात, आणि जुन्नरजवळ माणिकडोहला पकडलेल्या बिबट्यांसाठी केंद्र आहे, हे आपल्या पोरांनाही पाठ झालंय. तेव्हा अमेरिकेच्या जंगलातली गोष्ट आम्हाला परकी वाटलीच नाही. ट्रिशाच्या मागावर कोणीतरी आहे, झाडाआडून बघतंय, हे ऐकताना अंगावर काटा आला, तो पुस्तकामुळे थोडाच आला!

अंगणवाडीताईंनी आणखी एक मुद्दा काढला, आणि तो मला फार मोलाचा वाटला. त्या म्हणाल्या, "पोरगी हरवली ती भांडणामुळे नाही, लाजेमुळे हरवली. कोणी बघेल म्हणून आत आत गेली." खरंच की! आपणही मुलींना हेच शिकवतो. लांब जा, आडोशाला जा, कोणाला सांगू नको. वनखात्याचे लोक मात्र सांगून सांगून थकले, की अंधारात उघड्यावर, पिकाच्या कडेला खाली बसू नका. बसलेलं किंवा वाकलेलं माणूस बिबट्याला लहान जनावरासारखं दिसतं. म्हणजे मुलीने 'आई, मला जायचंय, तू थांब' असं मोठ्याने सांगणं यात लाज कसली? यात तिचा जीव आहे.

दुसरा मंगळवार: चकवा

दुसऱ्या भागात ट्रिशाला ओढा सापडतो. पाणी माणसांच्या वस्तीकडे जातं, असं तिने कुठेतरी ऐकलेलं. म्हणून ती ओढ्याच्या कडेने चालत राहते. आम्ही सगळ्यांनी 'शाब्बास' म्हटलं. आणि तो ओढा तिला घेऊन जातो दलदलीत! ती जितकी चालते, तितकी शोधणाऱ्यांपासून लांब जाते. पोलीस एकीकडे शोधतायत, ही भलतीकडेच.

गटातल्या सगळ्यात थोरल्या आजी लगेच म्हणाल्या, "हा तर चकवा!" आपल्याकडे जुनी माणसं सांगायची ना, रात्री रानातून येताना चकवा लागतो, माणूस रात्रभर चालतो आणि पहाटे बघतो तर त्याच बांधावर. तरुण मुली हसल्या. पण आजींची गोष्ट अगदीच हसण्यावारी नेण्यासारखी नाही बरं का. जर्मनीतल्या मॅक्स प्लँक संस्थेतल्या संशोधकांनी २००९ साली माणसांना अनोळखी जंगलात आणि वाळवंटात सरळ रेषेत चालायला सांगितलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर ती बऱ्यापैकी सरळ चालली. ढगाआड गेला की नकळत गोल गोल फिरायला लागली, आणि त्यांना मात्र वाटत होतं की आपण सरळच चाललोय. भूत नाही, पण चकवा खरा! मग मोठ्या माणसांची ही गत, तर उसात डोकं बुडालेल्या पोराची काय होईल?

यावर उपाय काय? अमेरिकेतच १९८१ साली कॅलिफोर्नियातल्या पॅलोमार डोंगरावर नऊ वर्षांचा एक मुलगा हरवला. शेकडो माणसांनी शोधलं, पण तो जिवंत हाती लागला नाही. त्या शोधात असलेल्या माणसांनी मग शाळाशाळांतून मुलांना एक गोष्ट शिकवायला सुरुवात केली, 'झाडाला मिठी मार'. म्हणजे हरवलोय असं कळलं, की चालायचं नाही. एक झाड धरायचं आणि तिथेच थांबायचं. झाडाशी बोलायचं, हवं तर त्याला नाव द्यायचं, पण जागा सोडायची नाही. थांबलेलं मूल लवकर सापडतं, चालणारं मूल लांब जातं. आमच्या शिक्षिकाबाई म्हणाल्या, "ट्रिशाला एवढंच कोणी शिकवलं असतं, तर कादंबरी पन्नास पानांत संपली असती!"

तिसरा मंगळवार: अफवा

तिसऱ्या भागात पोलिसांना एक निनावी फोन येतो, की मुलीला एका माणसाने पळवून नेलं. सगळी यंत्रणा त्या माणसाच्या मागे लागते. मुलगी मात्र रानात बेरी आणि रानातली फळं खाऊन जगतेय, ओढ्याचं पाणी पिऊन आजारी पडलीय.

इथे आमच्या गटात जरा गंभीर बोलणं झालं. आपल्याकडेही मूल दिसेनासं झालं, की तासाभरात 'पोरं पळवणारी टोळी आलीय' असं सुरू होतं. मोबाइलवर कुठला तरी जुना व्हिडिओ फिरायला लागतो. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे काय झालं, आठवतंय ना? नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, भिक्षा मागून पोट भरणारे. पोरं पळवणारे समजून जमावाने त्यांना ठेचून मारलं. त्यांच्याही घरी आया होत्या, बायका होत्या, पोरं होती.

आमच्यातली एक म्हणाली, "आपणच तर असे मेसेज पुढे पाठवतो. 'कृपया सावध राहा' म्हणून." तिचं म्हणणं मला पटलं. मेसेज पाठवताना वाटतं आपण पुण्य करतोय. पण त्या गडबडीत शोध चुकीच्या दिशेला जातो, आणि एखादी मागून खाणारी बाई, बहुरूपी, फेरीवाला नाहक मार खातो. मूल तिकडे विहिरीच्या काठावर नाहीतर मामाच्या वाटेवर असतं.

दौंडच्या बायकांचं म्हणणं

तिसऱ्या आणि चौथ्या मंगळवारच्या मधे मी न्हावऱ्यावरून माहेरी दौंडला गेले होते. तिथे रेल्वे कॉलनीतल्या बायकांना संध्याकाळी ओट्यावर हीच गोष्ट सांगितली. शिरूरच्या बायकांना रान दिसलं होतं, दौंडच्या बायकांना प्लॅटफॉर्म दिसला!

दौंड म्हणजे जंक्शन. पुणे-सोलापूरचा मार्ग, मनमाडकडे जाणारी लाइन, बारामतीची लाइन. पूर्वी पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या गाड्यांचं इंजिन इथे फिरवावं लागायचं, म्हणून गाड्या बराच वेळ थांबायच्या. माणसं पाण्याला उतरायची, वडापावला उतरायची. आणि गाडी हलली की रडारड! रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका काकूंनी सांगितलं, "चुकून राहिलेली पोरं आम्ही कितीतरी पाहिली. नाव विचारलं की 'बाळू' सांगायची. आईचं नाव? 'आई'. बापाचं नाव? 'पप्पा'. गाव? 'आमचं गाव'. आता शोधा!"

ऐकून हसू आलं, आणि लगेच पोटात गोळाही आला. तुमच्या पोराला विचारून बघा आज. तुमचं पूर्ण नाव त्याला सांगता येतं का? गाव, तालुका, एक तरी फोन नंबर तोंडपाठ आहे का? सगळे नंबर मोबाइलमध्ये, डोक्यात एकही नाही, अशी आपलीच गत आहे.

दौंडच्या बायकांना कादंबरी मात्र तितकीशी आवडली नाही. "मधे फारच चालते ती पोरगी, जरा कंटाळा आला," असं एकीने तोंडावर सांगितलं. "रहस्य कुठंय यात? चोर नाही, खुनी नाही." दुसरी म्हणाली, "पोर जिवंत राहते का नाही, याच्याएवढं रहस्य आणखी कुठलं हवं?" तिसरीचं म्हणणं, "लेखकाने आईला बोलूच दिलं नाही फारसं. नऊ दिवस ती माउली काय करत होती, ते लिहायला पाहिजे होतं." हे मत मला सगळ्यांत आवडलं. हिरकणीची गोष्ट आपण पिढ्यानपिढ्या सांगतो. रायगडाचे दरवाजे बंद झाले, बाळ खाली घरी, आणि ती अंधारात कडा उतरून गेली. आपल्याला आई अशी हवी असते, कडा उतरणारी. पण जिला कडाच सापडत नाही, नुसतं हाका मारत बसावं लागतं, तिची गोष्ट कोण सांगणार?

त्याच ओट्यावर एक ऊसतोडीला आलेली बाई मीठ मागायला आली होती, ती उभ्या उभ्या ऐकत राहिली. बीडकडची. दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले की ही माणसं बिऱ्हाड घेऊन येतात, पहाटे फडात उतरतात. लेकरं बांधावर, नाहीतर गाडीखाली. ती एवढंच म्हणाली, "ती पोरगी आईसंगटच व्हती की. माझी बी माझ्यासंगटच असत्यात. काम करू का बघू?"

मैत्रिणींनो, याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. साखरशाळा, हंगामी वसतिगृहं या गोष्टी आहेत. पण दूध पिणारं लेकरू वसतिगृहात कसं ठेवणार? आणि या बाईला आपण विचारायचं, 'आई कुठे होती?'

शेवटचा मंगळवार: मतं बदलली

शेवट सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. ट्रिशा तापाने फणफणलेली, कशीबशी एका रस्त्याला लागते. आणि इतके दिवस मागावर असलेलं ते 'काहीतरी' समोर येतं. अस्वल. ती पळत नाही. टॉम गॉर्डनसारखी ताठ उभी राहते आणि हातातला वॉकमन चेंडूसारखा फेकून मारते. त्याच वेळी एका शिकाऱ्याची गोळी येते आणि ती वाचते. दवाखान्यात आई, वडील, भाऊ, सगळे जवळ असतात.

एमआयडीसीतल्या मुलीला शेवट 'फिल्मी' वाटला. आजींना वाटलं, देवानेच शिकारी पाठवला. प्राध्यापिका म्हणाली, पोरीने मनात एक माणूस सोबतीला ठेवला म्हणून ती टिकली, हेच पुस्तकाचं सार. आणि पहिल्या दिवशी आईला 'मॉडर्न' म्हणणारी मैत्रीण हळूच म्हणाली, "तिला नऊ दिवस सगळ्यांनी काय काय ऐकवलं असेल गं!"

बिबट्यासमोर काय करायचं, हा प्रश्न अर्थातच निघाला. आमच्या ओळखीचे एक निवृत्त वनरक्षक काका आले होते. त्यांनी सांगितलं, की 'झाडाला मिठी' हा नियम चांगला, पण आपल्याकडे जरा बदलून घ्या. उसाला खेटून थांबू नका. उघड्या रस्त्यावर, वस्तीच्या, दिव्याच्या जवळ या आणि मग थांबा. बसू नका, उभे राहा. आवाज करत राहा. बिबट्या दिसला तर पाठ फिरवून पळू नका, हात वर करून मोठं दिसा, ओरडा. आणि संध्याकाळनंतर लहान मुलाला एकट्याला शेतात धाडूच नका, पाणी द्यायला नाही आणि जेवण द्यायलाही नाही.

त्या दिवशी आम्ही ठरवलं, नुसती चर्चा पुरे. आमच्या अंगणवाडीत, दोन वस्त्यांवर आणि दौंडच्या कॉलनीत मुलांना पाच गोष्टी खेळातून शिकवायला लागलो. तुम्हीही शिकवा.

पहिली, हरवलो असं वाटलं की थांबायचं. शेतात असलो तर उसाबाहेर उघड्यावर, स्टेशनवर असलो तर त्याच प्लॅटफॉर्मवर. गाडीमागे पळायचं नाही, रूळ ओलांडायचे नाहीत.

दुसरी, आईचं आणि वडिलांचं पूर्ण नाव, गाव, आणि एक फोन नंबर पाठ. आम्ही नंबरला चाल लावली, दोन दिवसांत पोरांना पाठ झाला!

तिसरी, मदत कोणाची घ्यायची? खाकी वर्दीतले पोलीस, स्टेशनवरचे रेल्वे सुरक्षा दलाचे जवान, तिकीट खिडकी, नाहीतर लेकरं बरोबर असलेली एखादी बाई. रेल्वे सुरक्षा दल २०१८ पासून 'नन्हे फरिश्ते' या नावाने स्टेशनवर सापडलेल्या मुलांसाठी मोहीम चालवतं. दौंडच्या काकूंनी पोरांना नेऊन वर्दीतल्या ताई दाखवूनही आणल्या.

चौथी, गळ्यात शिट्टी. दहा-पंधरा रुपयांची. हाक बसते, शिट्टी बसत नाही.

पाचवी सगळ्यांत महत्त्वाची, आणि ती आपल्यासाठी आहे. सापडलेल्या मुलाला आधी मारायचं नाही! आपण घाबरलेलो असतो, म्हणून पहिली थप्पड बसते. पण ज्या पोराला माराची भीती, ते हाक ऐकूनही उसात दडून बसतं.

आणि मोठ्यांसाठी आणखी थोडं. 'चोवीस तास वाट बघा, मग तक्रार करा' असा एक समज आपल्याकडे घट्ट बसलाय. असा कोणताही नियम नाही. १० मे २०१३ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलंय, की मूल हरवल्याची तक्रार आली की पोलिसांनी गुन्हा नोंदवून तपास सुरू करायचा. माझ्या माहितीतल्या एका बाईला एका ठिकाणी 'नातेवाइकांकडे बघा, उद्या या' असं सांगितलं गेलं होतं. ती तशीच परत आली, कारण तिला हे माहीत नव्हतं. तुम्हाला आता माहीत आहे. ठाम उभं राहायचं. १०९८ हा मुलांसाठीचा मोफत नंबर १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून सुरू झाला, आज तो सरकारमार्फत चालतो. ११२ हा पोलीस मदतीचा आणि १३९ हा रेल्वेचा. हे तिन्ही नंबर कॅलेंडरवर लिहून ठेवा, गॅसच्या नंबराशेजारी. घरात मुलाचा अलीकडचा फोटो हवा, आणि सकाळी कोणते कपडे घातले ते लक्षात हवं.

एक कादंबरी वाचून बिबटे कमी होणार नाहीत, फडातल्या बाईला पाळणाघर मिळणार नाही, हे मला कळतं. त्यासाठी ग्रामसभेत उठून बोलावं लागेल. वस्तीवर दिवे, शेतीला दिवसा वीज, शाळेच्या वाटेवर सोबत, फडाजवळ पाळणाघर, या मागण्या आपणच मांडायच्या आहेत. पण एक गोष्ट आजपासून, फुकटात आणि कोणाच्याही परवानगीशिवाय करता येईल. पुन्हा कुठे मूल हरवल्याचं कानावर आलं, तर तोंडावर आलेला तो जुना प्रश्न गिळायचा. त्याऐवजी विचारायचं, 'शेवटचं कुठे दिसलं होतं?' आणि पायात चपला घालून निघायचं. त्या आईला तेव्हा आपल्या प्रश्नाची नाही, चार जास्तीच्या डोळ्यांची गरज असते.